भंगुरताऱ्यातले परजीवी कवचधारी: शोधायचे कसे, उघडायचे कसे, ओळखायचे कसे

भंगुरतारा, म्हणजे ब्रिटल स्टार, हातात घेतला की आधी भुजा टाकतो. नाव त्यावरूनच पडलं. त्याच्यात राहणारे परजीवी बहुतेक वेळा निसटतात तेही इथेच, सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचण्याच्या कितीतरी आधी. दहा भंगुरतारे एका बाटलीत कोंबले, वर गोडं पाणी किंवा थेट अल्कोहोल ओतलं आणि घरी येऊन गाळ तपासला, तर त्यात दोन-चार सुंदर कोपेपॉड, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या नात्यातले इवले कवचधारी, मिळतीलही. पण ते कुठल्या ताऱ्याचे, त्याच्या कुठल्या भागातले आणि मुळात परजीवी होते की शेवाळात फिरणारे स्वैर, हे आता कोणीच सांगू शकत नाही. म्हणून या लेखात चाकूपेक्षा चाकू हातात घेण्याआधीच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

‘आत’ म्हणजे नक्की कुठे

भंगुरताऱ्याची मधली चकती उलटी करून तोंडाची बाजू वर केली, की प्रत्येक भुजेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक फट दिसते. पाच भुजांच्या अशा दहा फटी. प्रत्येक फट आत एका पातळ भिंतीच्या पिशवीत उघडते. तिला बर्सा म्हणतात. तिच्या भिंतीवरच्या केसलांमुळे, म्हणजे सतत हलणाऱ्या सूक्ष्म केसांमुळे, समुद्राचं पाणी सतत आत-बाहेर होतं आणि श्वसन चालतं. जननग्रंथी बर्सालाच चिकटलेल्या असतात आणि अंडी-शुक्रजंतू तिथूनच बाहेर पडतात. काही जातींत पिल्लंही इथेच वाढतात.

परजीवी कवचधाऱ्यांसाठी याहून चांगली खोली नाही. ताजं पाणी, शेजारी पौष्टिक ऊती, भक्षकापासून आडोसा आणि पिल्लांना बाहेर पडायला उघडं दार. तांत्रिकदृष्ट्या बर्सा ही शरीराची पोकळी नव्हेच. ती बाहेरून आत वळलेली खिशासारखी जागा आहे. हे लक्षात ठेवलं की शोध कुठे घ्यायचा ते आपोआप ठरतं: आधी भुजांची मुळं, मग दहा बर्सा आणि सगळ्यात शेवटी जठर. जठर ही बंद पिशवी असते. भंगुरताऱ्याला गुदद्वार नाही, त्यामुळे तिच्यात सापडलेला कवचधारी बहुधा पाहुणा नसतो, जेवण असतं.

कोणाला शोधतो आहोत

उदाहरणासाठी सगळ्यात सोयीचा पोशिंदा (परजीवी ज्याच्यावर जगतो तो प्राणी) म्हणजे ॲम्फिफोलिस स्क्वामाटा. चकती ३ ते ५ मि.मी., रंग राखाडी-पांढुरका, आणि जवळपास जगभरच्या किनाऱ्यांवर दगडाखाली किंवा शेवाळाच्या जुडग्यात वस्ती. प्रत्येक भुजेच्या मुळाशी चकतीवर दोन तबकड्या एकमेकींना चिकटून असतात आणि तिथे पांढरा ठिपका दिसतो. जबड्याच्या प्रत्येक बाजूला तीन कंगोरे असतात आणि सगळ्यात बाहेरचा सर्वांत रुंद असतो. ही खूण पक्की. आणखी एक खूण गंमतीची आहे: अंधाऱ्या खोलीत ब्रशने हलकेच टोचलं की भुजा हिरवट चमकतात.

याच्यावर दोन वेगळ्या सवयींचे कोपेपॉड राहतात. पहिला कॅन्सेरिला ट्युब्युलाटा, ज्याचं वर्णन स्कॉटिश निसर्गअभ्यासक जॉन ग्रॅहॅम डॅलियेल यांनी १८५१ मध्ये केलं. तो बाहेरच्या बाजूला भुजेच्या मुळाशी घट्ट धरून बसतो. मादीचं शरीर पुढे ढालीसारखं रुंद, मागे एकदम निमुळतं आणि दोन बाजूंना दोन अंडपिशव्या. नावाचा अर्थ ‘छोटा खेकडा’, आणि पहिल्या नजरेला ते नाव पटतं.

दुसरा पॅराकॉर्ड्युमियम ॲम्फियुरी, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एरुआर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला. हा खरा आतला, बर्सात राहणारा. त्याची मादी इतकी बदललेली असते की वलयं आणि पाय शोधावे लागतात. जुन्या फ्रेंच लेखनात हाच प्राणी ॲम्फियुरोफिलस या नावाने येतो. दोन नावं म्हणजे दोन परजीवी समजून यादी करणारे कमी नाहीत. असाच घोळ याच्या मोठ्या भाईबंदाचाही झाला. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ युंगरसेन यांनी १९१२ मध्ये ॲस्टेरोनिक्स लोव्हेनी या खोल पाण्यातल्या भंगुरताऱ्यातून एक कोपेपॉड काढला आणि त्याला कॉर्ड्युमा नाव दिलं. पण ते नाव आधीच एका सहस्रपादाला गेलेलं होतं. म्हणून पुढे कॉर्ड्युमियम झालं.

तिसरी मंडळी कोपेपॉड नव्हेतच. ती बार्नेकलच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधाऱ्यांच्या, दूरच्या नात्यातली, ॲस्कोथोरॅसिडा गटातली. आर्क्टिकमधल्या ओफिओक्टेन सेरिसियम या भंगुरताऱ्याच्या बर्सात ॲस्कोथोरॅक्स ओफिओक्टेनिस राहतो. वर्णन १९१४ चं, रशियन अभ्यासक द्याकोनोव्ह यांचं. मादीवर शिंपल्यासारखं दोन पाळ्यांचं कवच असतं, पिल्लं त्या कवचातच वाढतात आणि इवलासा नर शेजारी राहतो. त्यामुळे मादी सापडली म्हणून हात थांबवायचा नाही. त्याच बर्साची भिंत पूर्ण पाहून होईपर्यंत नराचा शोध चालू ठेवायचा.

पोशिंदा गोळा करताना

कोकणच्या खडपांवर हे करायचं तर उधाणाची ओहोटी हवी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. अष्टमीच्या भांगेला पाणी पुरेसं मागे जात नाही. मुंबई-रायगडकडचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटीचा तळ साधारण पावणेआठला. नक्की आकड्यासाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहा आणि तळाच्या तासभर आधी जागेवर पोहोचा.

शोधण्याच्या जागा तीन. पाण्यात अर्धवट बुडालेल्या, खाली वाळू-खडी असलेल्या दगडांची खालची बाजू. सांधेदार चुनखडी शेवाळाची जुडगी. आणि स्पंजांच्या पोकळ्या. स्पंजात बहुधा ओफियाक्टिस सॅव्हिग्नी भेटतो. तो सहसा सहा भुजांचा, हिरवट, आणि स्वतःचे दोन तुकडे करून वाढणारा. एक तुकडा बघायचा म्हणून अख्खा स्पंज उपटू नका.

दगड उलटला की काम झाल्यावर तो जसा होता तसाच परत ठेवायचा. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या सगळ्या वस्तीला ऊन. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना धक्का लावायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे, मग तो ५ मि.मी.चा तारा का असेना.

शेवाळातून तारे काढायला चिमटा लावू नका. शेवाळाची मूठभर जुडी पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात ठेवून द्या. तासाभरात पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तारे आपणहून वर, कडेला येतात. तिथून ते मऊ ब्रशवर किंवा टोक कापून तोंड ५–६ मि.मी. केलेल्या प्लास्टिक ड्रॉपरने उचला.

आणि आता या सगळ्या कामातला एकच न मोडण्याजोगा नियम: एक तारा, एक कुपी. २० मिलिची टोपणाची कुपी, त्यात तिथलंच पाणी, आणि आत जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं. कॅन्सेरिला त्रास होताच पोशिंदा सोडतो. कुपी वेगळी असेल तर सोडलेला प्राणी निदान त्याच्याच पाण्यात राहतो. एका जागेवरून ३० तारे पुरेत.

कुप्या थेट उन्हात ठेवल्या तर अर्ध्या तासात पाणी गरम होतं आणि तारे मरतात. मेलेल्या ताऱ्याची बर्सा काही तासांत विरघळल्यासारखी होते, मग आत काय होतं ते कळत नाही. थर्मोकोलच्या डब्यात तळाला बर्फाच्या पिशव्या, वर वर्तमानपत्राचा जाड थर आणि त्यावर कुप्या ठेवा. कुपी बर्फाला टेकू देऊ नका. उष्ण पाण्यातल्या जातींना गारठाही सोसत नाही. त्याच दिवशी, शक्यतो ६ तासांच्या आत, पुढचं काम सुरू करा.

गुंगी देणं

मॅग्नेशियम क्लोराइडला पर्याय शोधत बसू नका. ते स्वस्त आहे आणि चालतं. हेक्झाहायड्रेट प्रकार असेल तर १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७५ ग्रॅम. २५० मिलिसाठी साधारण १९ ग्रॅम. बाटलीवर ‘अनहायड्रस’ लिहिलं असेल तर लिटरला ३५ ग्रॅमच. नेमकी इथेच गफलत होते: निर्जल पावडर ७५ ग्रॅम टाकली की द्रावण दुपटीहून तीव्र होतं, परजीवी आक्रसतात आणि त्यांचे पाय शरीराखाली दुमडून जातात. ही पावडर हवेतली ओल झपाट्याने शोषते. पावसाळ्यात उघडी राहिलेली, चिकट झालेली पावडर तोलून उपयोग नाही, कारण वजनात पाणीच जास्त असतं.

हे द्रावण आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात मिसळा आणि ताऱ्याच्या कुपीतलं पाणी हळूहळू याने बदला. काढलेलं पाणी फेकू नका, ते गाळायचं आहे. १५ ते ३० मिनिटांत तारा सैल पडतो. तपासणी सोपी: भुजेखालच्या नालपादांना सुईने स्पर्श करा. ते आत ओढले गेले तर अजून थांबा. घाई करून अर्धवट गुंगीत स्थिरीकरण केलं, म्हणजे टिकवणाऱ्या द्रवात टाकलं, तर भुजा गळतात आणि बर्साच्या फटी घट्ट मिटतात.

कुपीतलं सगळं पाणी ६० ते ६५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. प्लवकाची महागडी जाळी नसेल तर स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातलं बारीक नायलॉन कापड चालतं, फक्त त्याची भोकं मोजपट्टीच्या स्लाइडवर एकदा मोजून घ्या. जाळीवर उरलेलं पेट्री डिशमध्ये धुवून काढा आणि त्याच क्रमांकाखाली बघा. पोशिंद्यावरून सुटलेले बाह्यपरजीवी इथे मिळतात.

चाकूआधी डोळा

गुंगीतला तारा तोंड वर करून काळ्या तळाच्या डिशमध्ये ठेवा. काळं मेण नसेल तर आगरमध्ये थोडी कोळशाची भुकटी घालून तळ ओतता येतो. १० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो. आधी वरून तिरका प्रकाश द्या आणि प्रत्येक भुजेचं मूळ दोन्ही बाजूंनी पाहा. कॅन्सेरिला असला तर इथेच. मग दहाही फटी एकेक करून. बर्सात मोठी मादी असली तर ती फट बाकीच्यांपेक्षा उघडी दिसते किंवा चकतीचा तेवढा भाग फुगलेला असतो. दोन फटींची तुलना नेहमी त्याच ताऱ्यात करा, दोन ताऱ्यांत नको.

नंतर खालून प्रकाश. लहान ताऱ्यात चकतीतून बराच उजेड पार होतो आणि आतल्या वस्तू सावलीसारख्या दिसतात. ॲम्फिफोलिस स्क्वामाटा बर्सात पिल्लं वाढवतो, त्यामुळे सावली दिसली म्हणजे परजीवी असा अर्थ नाही. पिल्लाला चुन्याच्या तबकड्यांची जाळी असते. दोन पोलरायझिंग फिल्टर एकमेकांना आडवे ठेवून पाहिलं की ती जाळी अंधारात चकाकते. परजीवीची कातडी तशी चकाकत नाही. जुन्या गॉगलच्या दोन पोलरॉइड काचांवरही हे भागतं.

फोटो, मोजमाप आणि नोंद आत्ताच घ्या. चकतीचा व्यास मि.मी.मध्ये एक दशांशापर्यंत. भुजा किती तुटलेल्या. बर्सांना घड्याळाच्या दिशेने १ ते १० क्रमांक. सुरुवात कुठून हे ठरवायला एखादी तुटकी भुजा खूण म्हणून वापरा आणि रेखाटनात दाखवा. छिद्रतबकडी (मॅड्रेपोराइट) शोधून तिथून मोजणं शास्त्रशुद्ध, पण ती तोंडाच्या बाजूच्या पाच तबकड्यांपैकीच एक असते आणि ३ मि.मी.च्या ताऱ्यात तिला ओळखण्यात अर्धा तास जातो.

उघडणं

लागणारं सामान: ५ नंबरचे दोन बारीक चिमटे, कीटक टोचायच्या सर्वांत बारीक टाचण्या काडीला बसवून केलेल्या दोन सुया, इन्सुलिनची बारीक सिरिंज-सुई, आणि असेल तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेची छोटी कात्री. नवीन माणसाने आधी १० मि.मी.पेक्षा मोठ्या चकतीच्या ताऱ्यावर हात बसवावा.

भुजा मुळापासून तीन-चार सांध्यांवर कापा. मुळाशी कापू नका, बर्सा तिथेच आहे. कापलेल्यांपैकी एक भुजा शुद्ध अल्कोहोलमध्ये जपा, एक पोशिंद्याची जात ठरवायला. तिच्यावर ५ टक्क्यांचं ब्लीच टाकलं की मांस विरघळून तबकड्या सुट्या होतात.

आता चकती पालथी करा, पाठ वर. उरलेल्या भुजांच्या बुंध्यांवर टाचण्या तिरक्या रोवा. सुईचं टोक दोन भुजांमधल्या जागेत, चकतीच्या अगदी कडेला, वरच्या बाजूने आत घाला आणि कडेकडेने गोल फिरवा. सुई आडवी, जवळजवळ डिशला समांतर असायला हवी. ती उभी धरली की खालची बर्सा फाटते. पूर्ण फेरी झाली की छत एका बाजूने झाकणासारखं उचला. त्याला आतून जठर चिकटलेलं असतं. ते सुईच्या पाठीने हलकेच सोडवत न्या, ओढू नका. जठर वेगळ्या थेंबात ठेवा, ते शेवटी फाडून बघायचं.

जठर गेलं की भुजांच्या बुंध्यांलगत दहा पातळ पिशव्या दिसतात, त्यांच्यावर जननग्रंथींचे गोळे. प्रत्येक बर्सा आधी न फाडता बघा. परजीवीभोवती पुष्कळदा पोशिंद्याची ऊती वेढा घालते, त्यामुळे प्राणी मोकळा न दिसता बर्साच्या भिंतीवर एक गुळगुळीत गाठ दिसते. गाठीचं ठिकाण रेखाटून मग ती भिंतीसकट कापून काढा आणि वेगळ्या थेंबात, दोन सुयांनी, वरचं आवरण सोला. चिमट्याने गाठ दाबली की मादी फुटते आणि अंडी सगळीकडे पसरतात. एका बर्सात एक मिळाला तरी उरलेल्या नऊ तपासायच्या. मोजणीचा अर्थ त्याच्यावरच अवलंबून आहे.

सगळी बर्सा भिंतीसकट हवी असेल, म्हणजे परजीवी ऊतीला नेमका कुठे चिकटला ते काप घेऊन पाहायचं असेल, तर उघडूच नका. स्थिरीकरणानंतर चुना काढा: २ टक्के ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ०.३ मोलर मिठाचं द्रावण समप्रमाणात, गार जागी, दर दिवशी बदलत, चकती सुईला मऊ लागेपर्यंत. किंवा १० टक्के ईडीटीए, पीएच ८ च्या जवळ. हे सावकाश चालतं, पण ऊती जास्त चांगली राहते. तीव्र आम्ल वापरलं तर वायूचे बुडबुडे बर्साच्या भिंती फाडतात.

हा परजीवी आहे का?

सगळ्यात मोठी फसगत हार्पॅक्टिकॉइड गटातल्या, स्वैर राहणाऱ्या कोपेपॉडांची. ते शेवाळात आणि खडीत हजारोंनी असतात आणि फटीतून बर्सातही शिरतात. लांबट, स्पष्ट वलयांचं शरीर, सगळे पाय शाबूत, आणि बर्सात सैल पडलेला असेल तर त्याला प्रवासी समजा. परजीवीकडे पकडायची साधनं असतात, तो ऊतीला धरून असतो, किंवा शरीर फुगून पाय खुजे झालेले असतात.

उलट टोकाचा प्रश्न असा, की गोळा इतका बेढब आहे की कवचधारी वाटतच नाही. तेव्हा अंडी बोलतात. पक्व अंडी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, खाचांच्या प्लेटमध्ये, सावलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. अंड्यातून तीन जोड्या उपांगांचा नॉप्लियस, म्हणजे कवचधाऱ्यांचा पहिला डिंभ, निघाला की वाद मिटला, तो कवचधारीच. त्या डिंभाचा लगेच फोटो आणि स्थिरीकरण.

जननग्रंथी दिसत नाहीत म्हणून ‘परजीवीने नपुंसक केलं’ असं लिहिण्याआधी चार गोष्टी तपासा. ॲम्फिफोलिस स्क्वामाटात र्‍होपॅल्युरा ओफिओकोमी नावाचा, ऑर्थोनेक्टिड या सूक्ष्म प्राण्यांच्या गटातला परजीवी असतो. तो कवचधारी नाही, पण तोही अंडाशय नष्ट करतो. जिवंत तारा उघडल्यावर मि.मी.च्या दहाव्या-पाचव्या हिस्स्याचे, केसलांनी सरळ रेषेत पोहणारे लांबट जीव दिसले तर दोष त्याचा. दुसरं, ओफियाक्टिस सॅव्हिग्नीसारख्या दुभंगणाऱ्या जातीत छोट्या ताऱ्यांना जननग्रंथी नसणं नेहमीचंच आहे. तिसरं, वाळूत पुरून राहणारे काही भंगुरतारे चकतीच टाकून देतात आणि नवी उगवतात. मऊ, फिकट, ताज्या चकतीत ग्रंथी कुठून येणार? चौथं, हंगाम. म्हणून तुलना त्याच दिवशीच्या, त्याच जागेच्या आणि त्याच व्यासाच्या परजीवी नसलेल्या ताऱ्यांशीच करायची.

तारामाशात, म्हणजे जाड भुजांच्या नेहमीच्या स्टारफिशमध्ये, फांद्या फुटलेला डेंड्रोगॅस्टर सापडतो. तोही ॲस्कोथोरॅसिडाच, पण शरीरपोकळीत राहणारा. त्याच्या वर्णनावरून भंगुरताऱ्यात शोधायला गेलात तर चुकीच्या जागी बघत बसाल.

साठवण

एकाच द्रवात सगळं साधत नाही. एक नमुना सापडला तर अल्कोहोल. अनेक असतील तर वाटून घ्या.

डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉल, नमुन्याच्या किमान दहापट, २४ तासांनी बदलून, मग शीतपेटीत. हँड सॅनिटायझर आणि रंगीत स्पिरिट नको. शुद्ध अल्कोहोलला उत्पादन शुल्काचे नियम लागतात, त्यामुळे ते महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या परवान्यावरच घ्यावं. डीएनएला अख्खा प्राणी खर्ची घालू नका. एक अंडपिशवी पुरते आणि शरीर ओळखीसाठी राहतं. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचे सर्वसाधारण प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) पोशिंद्याचंही जनुक वाढवतात, म्हणून परजीवी गाळलेल्या पाण्यात तीनदा धुवा. पोशिंद्याच्या जपलेल्या भुजेचा डीएनएही सोबत वाचून घ्या: ॲम्फिफोलिस स्क्वामाटा या एका नावाखाली जनुकीयदृष्ट्या वेगळ्या अनेक शाखा आहेत.

रचनेसाठी १ भाग बाजारातलं फॉर्मालिन आणि ९ भाग समुद्राचं पाणी, बोरॅक्स घालून पीएच ८ च्या आसपास. हे बोरॅक्स ऐच्छिक नाही. भंगुरताऱ्याच्या तबकड्या मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटच्या असतात आणि आंबट फॉर्मालिनमध्ये त्या झिजतात. दोन महिन्यांनी हातात येतो तो जात न ओळखता येणारा लगदा. २४ ते ४८ तासांनी धुवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा आणि त्यात थोडं ग्लिसरीन घाला, म्हणजे झाकण सैल राहिलं तरी नमुना सुकत नाही. फॉर्मालिनचं काम हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात किंवा उघड्या खिडकीशी.

पाय मोजण्यापर्यंत

कोपेपॉड पारदर्शक करायला ८५–९० टक्के लॅक्टिक आम्ल. थेंबात नमुना दोन तास ते रात्रभर ठेवा. आधी पोशिंद्याच्या ऊतीचे तुकडे पूर्ण काढा, नाहीतर आम्लात तबकड्या विरघळून काचेखाली बुडबुडे येतात आणि नेमके पायाच्या केसांवर जाऊन बसतात. उपांगं फिकट वाटली तर लॅक्टिक आम्लात क्लोराझोल ब्लॅकचा कण विरघळवा. फार गडद झालं तर साध्या लॅक्टिक आम्लात परत ठेवून फिकं करता येतं.

स्लाइडची उत्तम पद्धत हम्स आणि गुडिंग यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. लाकडाच्या पातळ पट्टीला गोल भोक, त्यावर कव्हर ग्लास चिकटवलेला आणि त्याच्या खालच्या बाजूला लॅक्टिक आम्लाच्या लटकत्या थेंबात प्राणी. प्राणी दाबला जात नाही, सुईने हवा तसा फिरवता येतो, आणि पट्टी उलटून दोन्ही बाजू तेलाच्या भिंगाखालीही पाहता येतात. सातशेहून अधिक कोपेपॉड जातींचं वर्णन करणाऱ्या आर्थर हम्स यांची ही हातोटी. तरी साधी सुतारकामाची. आइस्क्रीमच्या रुंद काडीला भोक पाडूनही पट्टी होते.

रेखाटनाचा क्रम: पूर्ण शरीर वरून आणि बाजूने, मग शृंगिका, मुखांगं, आणि पोहण्याचे पाय पहिल्यापासून. प्रत्येक रेखाटनाशेजारी मोजपट्टी. मादीचं रूप फार बदललेलं असेल तर ओळखीसाठी नर आणि डिंभच जास्त उपयोगी, म्हणून गाठीभोवतीचा सगळा चुरा पुन्हा एकदा ४० पट मोठा करून बघा.

आकडे

तीन संख्या वेगळ्या ठेवा. प्रादुर्भाव म्हणजे तपासलेल्या शंभरांत किती ताऱ्यांत परजीवी. तीव्रता म्हणजे बाधित ताऱ्यामागे सरासरी किती. विपुलता म्हणजे तपासलेल्या सगळ्या ताऱ्यांमागे सरासरी किती. समजा ४० तारे उघडले, ६ बाधित, मिळून ९ परजीवी: प्रादुर्भाव १५ टक्के, तीव्रता १.५, विपुलता ०.२२५. नुसतं ‘सरासरी १.५’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

शून्यालाही अर्थ असतो, पण तो नमुन्याच्या आकाराने ठरतो. ३ ला तपासलेल्या संख्येने भागा. ३० तारे तपासून एकही मिळाला नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की प्रादुर्भाव १० टक्क्यांहून कमी आहे. १ टक्क्याखाली आहे म्हणायला ३०० लागतील. इतके तारे एका खडपावरून उचलण्यापेक्षा महिन्याला ३० करत वर्ष घालवलेलं बरं, हंगामही कळतो.

सापडलेला प्राणी नवा वाटला तर नमुना कपाटात ठेवून नाव देऊ नका. भारतात नव्या जातीचा मूळ नमुना जैवविविधता कायद्यानुसार मान्य भांडारात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण त्यांपैकी एक, आणि त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. परदेशी तज्ज्ञाला नमुना टपालाने पाठवण्याआधी त्याच कायद्याची परवानगी बघा. सोबत पोशिंदाही द्यायचा, त्याच क्रमांकाने. चकतीविना आलेला परजीवी पुढच्या अभ्यासकाच्या निम्माच उपयोगाचा.